‘पिच’ जर्मनमध्ये नेताना: श्टाइगुंग कुठे, टाइलुंग कुठे आणि बाकीचे कुठे

प्रश्न थोडक्यात असा: एका पॅकिंग यंत्राच्या इंग्रजी पुस्तिकेत ‘पिच’ हा शब्द स्क्रू, गिअर, चेन, मोटरचं वाइंडिंग आणि कनेक्टर अशा पाच ठिकाणी आला आहे. जर्मन शब्दकोश त्याच्यापुढे श्टाइगुंग, टाइलुंग, टोनहोए, नाइगुंग, पेश अशी रांग लावतो. कुठे कोणता घ्यायचा?

शब्दकोशातली रांग तशी बरोबरच असते. पण ती भाषेच्या अंगाने लावलेली असते, मोजमापाच्या नाही. अनुवादकाने आधी बघायचं ते असं: इथे अंतर मोजलंय, कोन सांगितलाय, ध्वनी आहे की काळा चिकट पदार्थ? अंतर असेल तर कुठून कुठपर्यंत? याचं उत्तर मिळालं की जर्मन शब्द बहुतेक वेळा एकच उरतो. (जर्मन शब्द इथे उच्चाराप्रमाणे नागरीत लिहिले आहेत; ‘पेश’मधला ‘श’ म्हणजे ‘इश’ (मी) या जर्मन शब्दातला तो मऊ आवाज.)

यंत्रांच्या कामात खरी लढत श्टाइगुंग आणि टाइलुंग या दोघांतच असते. टाइलुंग म्हणजे एकामागून एक येणाऱ्या सारख्या गोष्टींपैकी एकीपासून शेजारच्या दुसरीपर्यंतचं अंतर: दात्यापासून दात्यापर्यंत, पिनपासून पिनपर्यंत, भोकापासून भोकापर्यंत. श्टाइगुंग म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात अक्षाच्या दिशेने किती सरकलं ते. एकात नुसती रचना आहे, दुसऱ्यात हालचाल आहे. घोटाळा होतो तो साध्या आट्यांमुळे. तिथे आटा एकच असतो, त्यामुळे एका कंगोऱ्यापासून पुढच्या कंगोऱ्यापर्यंतचं अंतर आणि एका फेऱ्यातलं सरकणं हे दोन्ही आकडे सारखे येतात. एम ८ च्या, म्हणजे ८ मिमी व्यासाच्या बोल्टच्या, नेहमीच्या आट्यांचा पिच १.२५ मिमी, एम १० चा १.५, एम १२ चा १.७५. इथे जर्मन कारागीर सरळ श्टाइगुंग किंवा गेविंडेश्टाइगुंग म्हणतो, आणि तुम्हीही तेच लिहावं. इथे टाइलुंग लिहिलं तर व्याख्येने चूक नाही, पण वाचणारा थबकतो.

डबल स्टार्ट, म्हणजे शेजारीशेजारी दोन आटे कापलेला, किंवा त्याहून जास्त आट्यांचा स्क्रू आला की दोन्ही वाटा फुटतात. डीआयएन १०३ या जर्मन मानकातल्या ट्रॅपेझॉइडल आट्यांची खूण घ्या: टीआर ४० × १४ पी ७. व्यास ४० मिमी. १४ म्हणजे एका फेऱ्यात नट जेवढा सरकतो ते, इंग्रजीतलं लीड. पी ७ म्हणजे शेजारच्या दोन आट्यांतलं अंतर, इंग्रजीतला पिच. १४ भागिले ७ म्हणजे २, म्हणून हा डबल स्टार्ट. जर्मनमध्ये इथे लीडला श्टाइगुंग म्हणतात आणि पिचला टाइलुंग. म्हणजे आधीच्या पानावर साध्या बोल्टसाठी तुम्ही पिचला श्टाइगुंग लिहिलं ते बरोबर होतं, आणि या पानावर तोच शब्द तसाच ठेवला तर तो थेट चुकीचा आकडा सांगतो.

चूक किती महाग पडते तेही बघा. ‘पिच ७ मिमी’ याचं ‘श्टाइगुंग ७ मिमी’ झालं, आणि यंत्र बसवणाऱ्याने ते मोटर चालवणाऱ्या सर्वो ड्राइव्हच्या ‘श्पिंडलश्टाइगुंग’ (स्क्रूचं लीड) या पॅरामीटरमध्ये भरलं. आता १०० मिमी सरक म्हटलं की ड्राइव्ह स्क्रूला १४ पेक्षा थोडे जास्त फेरे देतो, आणि नट प्रत्यक्षात २०० मिमी जातो. वाटेत शेवटचा लिमिट स्विच असेल तर थोडक्यात निभावतं, नसेल तर काही तरी वाकतं.

यात इंग्रजी लिहिणाऱ्यांचा ढिसाळपणाही भर घालतो. बॉल स्क्रूच्या कॅटलॉगमध्ये ‘१६ मिमी व्यास, ५ मिमी पिच’ असं सर्रास छापतात, आणि तिथे त्यांना म्हणायचं असतं लीड. तिथे श्टाइगुंगच लिहायचं. म्हणून शब्दावर न थांबता ड्रॉइंगवरची खूण किंवा मागेपुढे आलेला वेगाचा, फेऱ्यांचा हिशेब बघायचा. मिनिटाला ६०० फेरे आणि मिनिटाला ३ मीटर वेग दिला असेल, तर एका फेऱ्याला ५ मिमी हे तिथेच सिद्ध होतं.

इंचातल्या आट्यांत पिच पुष्कळदा अंतर म्हणून दिलेलाच नसतो. एका इंचात किती आटे, तेवढंच दिलेलं असतं. त्याला जर्मनमध्ये गांगत्साल, म्हणजे ‘प्रति इंच गेंगे’ (आटे) असं म्हणतात. इंचाला २० आटे म्हणजे २५.४ भागिले २०, १.२७ मिमी. आकडा आहे तसा ठेवून वर श्टाइगुंग लिहिलं की २० मिमीचा आटा तयार होतो. असं लिहिलेलं छापून गेलेलं सापडतं, म्हणून सांगितलं. आट्यांची पानं असलेला पिच गेज मात्र गेविंडेशाब्लोने. तिथे श्टाइगुंगही नाही आणि टाइलुंगही नाही.

गिअरमध्ये सर्क्युलर पिच म्हणजे टाइलुंगच. मोडूल म्हणजे गिअरचा पिच व्यास (मिमी) भागिले दात्यांची संख्या; त्याला π ने गुणलं की टाइलुंग मिळते. मोडूल २ असेल तर ६.२८३ मिमी. अडचण डायमेट्रल पिचची आहे. अमेरिकी ड्रॉइंगवर ‘८ पिच, ४० टीथ’ एवढंच लिहिलेलं असतं. ते ८ म्हणजे अंतर नव्हे. पिच व्यासाच्या दर इंचामागे ८ दाते असा त्याचा अर्थ. मोडूल काढायचा तर २५.४ भागिले ८, म्हणजे ३.१७५. पिच व्यास ५ इंच, १२७ मिमी. जर्मनमध्ये इथे ‘डायमेट्रल पिच’ हाच शब्द ठेवतात आणि मोडूल मोजून शेजारी देतात. ‘टाइलुंग ८ मिमी’ लिहिलं तर मोडूल २.५४६ निघतो. ‘जवळपास मोडूल ३’ असं गोल केलं तर तेच ४० दाते १२० मिमी व्यासावर बसतात. असा गिअर जोडीदाराशी बसणारच नाही. आकडा वाढला की दाता लहान होतो, ही उलटी चाल लक्षात ठेवली तर संशय वेळेवर येतो.

पिच डायमीटर हा जोडशब्द तर स्वतंत्र तपासावा लागतो, कारण जर्मनने त्याचे तुकडे वेगवेगळ्या घरांत टाकले आहेत. आट्यांचा असेल तर फ्लांकनडुर्शमेसर. एम ८ चा तो ७.१८८ मिमी. गिअरचा असेल तर टाइलक्राइसडुर्शमेसर. पण दोन गिअर प्रत्यक्ष जोडीत फिरताना ज्या वर्तुळांवर एकमेकांवर लोळतात ते वर्तुळ अभिप्रेत असेल तर वेल्त्सक्राइस. दात्यांच्या आकारात दुरुस्ती केलेली असेल किंवा दोन अक्षांमधलं अंतर बदललेलं असेल, तर ही दोन वर्तुळं एक राहत नाहीत. इंग्रजी मजकूर ‘रेफरन्स’ आणि ‘ऑपरेटिंग’ अशी विशेषणं लावत असेल तर नशीब. नाही तर आकडेमोड करून ओळखावं लागतं. दात्यांच्या बेल्टच्या पुलीवर विर्कडुर्शमेसर, आणि बेल्टच्या पिच लेंग्थला विर्कलेंगे. फ्लँजवर किंवा गाडीच्या चाकावर बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्या पीसीडीला लोखक्राइस. चाकाचं ‘५ × ११२’ म्हणजे पाच भोकं, लोखक्राइस ११२ मिमी. तिथे टाइलक्राइस लिहिलं तरी जर्मन माणसाला कळेल, पण टायरवाल्याच्या दुकानात कोणी तसं म्हणत नाही.

चेनमध्ये टाइलुंग निर्धास्त वापरा. ०८ बी चेनची १२.७ मिमी, १० बी ची १५.८७५. फक्त ‘१२० पिच लांबीची चेन’ असं आलं तर तिथे अंतर नाही, मोजदाद आहे. जर्मनमध्ये ते ग्लीडरत्साल १२०, म्हणजे १२० दुवे. छिद्रांच्या पत्र्यावर, हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांत, करवतीच्या दात्यांतही टाइलुंगच. कनेक्टर आणि सर्किट बोर्डावर मात्र रास्टरमास. ते नपुंसकलिंगी दास आहे, स्त्रीलिंगी डी नाही: दास रास्टरमास २,५४ मिमी. दशांशाच्या जागी स्वल्पविराम आला आहे तो हेतुपुरस्सर; जर्मन मजकुरात १.२५ चा १,२५ करायला विसरू नका. बारीक पायांच्या आयसीच्या बाबतीत जर्मन इलेक्ट्रॉनिक्सवाले ‘पिच’ आणि ‘फाइन-पिच’ हेच शब्द वापरतात, तिथे ओढून जर्मन शब्द आणायला जाऊ नये.

मोटर वाइंडिंगकडे शब्दकोश जवळजवळ दुर्लक्षच करतात, म्हणून इथे जरा थांबतो. पोल पिच म्हणजे पोलटाइलुंग, स्लॉट पिच म्हणजे नूटटाइलुंग. इथवर सरळ आहे. कॉइल पिच म्हणजे कॉइलची एक बाजू ज्या खाचेत आणि दुसरी ज्या खाचेत, त्यांच्यातली रुंदी. जर्मनमध्ये ती श्पूलनवाइटे, किंवा खाचांत मोजली तर विकलुंग्सश्रिट. समजा ३६ खाचा आणि ४ पोल. पोलटाइलुंग ९ खाचा. कॉइल पूर्ण ९ खाचा ओलांडत असेल तर इंग्रजीत फुल पिच, जर्मनमध्ये डुर्शमेसरविकलुंग. आपल्याकडचे रिवाइंडिंगवाले ‘पिच १-८’ म्हणतात तसं असेल, तर पहिल्या खाचेपासून आठव्यापर्यंत ७ पावलं पडतात, म्हणजे पोलटाइलुंगच्या सात नवमांश. इंग्रजीत याला शॉर्ट पिच म्हणतात. जर्मनमध्ये ‘कुर्त्स’ म्हणजे आखूड हा शब्द लावून टाइलुंग लिहिणं हा अगदी हमखास सापडणारा कच्चेपणा आहे. तिथला शब्द गेझेंटे विकलुंग. वर्तुळाचा व्यास सोडून जीवा घेतली, अशी त्यामागची कल्पना आहे, कारण फुल पिचला व्यासच म्हटलं आहे. त्यावरून झेनुंग आणि पिच फॅक्टरला झेनुंग्सफाक्टोर. आणखी एक: १-८ चं ‘श्रिट ८’ करू नका. खाचांचे क्रमांक द्यायचे तर १–८ तसंच द्या, पावलं द्यायची तर ७.

आता कोन आणि हालचाल. पॅकिंग यंत्रात हे सहसा येत नाही, पण याच शब्दाने इथे सर्वांत जास्त फसवणूक होते. विमानाचं नाक वर-खाली होणं म्हणजे निकन, कोन निकविंकल. गाडीचंही निकन. पण जहाज असेल तर श्टाम्फन. आणि हे शब्द एकेकटे येत नाहीत, त्रिकुटाने येतात. पिच, रोल (कुशीवर झुकणं), यॉ (नाक डावी-उजवीकडे वळणं) हे विमानात निकन, रोलन, गीरन. गाडीत निकन, वांकन, गीरन. जहाजात श्टाम्फन, रोलन किंवा श्लिंगर्न, गीरन. एक बदलला की दुसराही तपासा. गाडीच्या सस्पेन्शनच्या लेखात निकनच्या शेजारी रोलन दिसलं तर ते विमानाच्या शब्दसूचीतून आलं आहे हे ओळखावं.

पंख्याच्या किंवा प्रोपेलरच्या पात्याचा पिच वेगळा. जहाजाच्या प्रोपेलरला श्टाइगुंग आहे, कारण तोही पाण्यात स्क्रूसारखा पुढे जातो असं धरलेलं असतं. पात्यांचा कोन चालू असताना बदलता येत असेल तर तो फेरश्टेलप्रोपेलर. पवनचक्कीत ब्लाटविंकल आणि ब्लाटफेरश्टेलुंग. या धंद्यात पिचझिस्टेम, पिचरेगेलुंग, पिचमोटोर हे मिश्र शब्दही इतके रुळले आहेत की कंपनीची शब्दसूची जे सांगेल ते घ्यावं. मात्र एकाच दस्तऐवजात दोन्हींची भेसळ नको. पिच बेअरिंगला ब्लाटलागर. पाती वाऱ्याला समांतर फिरवून थांबवण्याला पवनचक्कीत फानेनश्टेलुंग म्हणतात, विमानाच्या प्रोपेलरसाठी झेगलश्टेलुंग. इंग्रजीत दोन्हीकडे फेदरिंग.

‘पिच कंट्रोल’ हे दोन शब्द सुटे समोर आले तर काय कराल? विमानात ते निकनचं नियंत्रण. पवनचक्कीत ब्लाटफेरश्टेलुंग. रेकॉर्ड प्लेअरवर वेगाबरोबर स्वर बदलणारी पट्टी, पिचरेगलर. आणि कागद गिरणीत लगद्यातली राळ यंत्रावर साचू नये म्हणून केलेली उपाययोजना. तिथे पिच म्हणजे हार्त्स. चारही अनुवाद आपापल्या जागी अचूक आहेत, म्हणून क्षेत्र कळल्याशिवाय या दोन शब्दांना हात लावू नये.

पदार्थ म्हणून पिच आला तर नावं नीट वेगळी ठेवावी लागतात, कारण इथे कायदा येतो. डांबराच्या, म्हणजे टेरच्या ऊर्ध्वपातनानंतर तळाला उरतो तो पेश. दगडी कोळशापासूनचा तो श्टाइनकोलनटेरपेश. खनिज तेलापासून मिळतं ते बिटूमेन, आणि ते पेश नव्हे. मराठीत आपण दोन्हींना डांबरच म्हणून मोकळे होतो, त्यामुळे मराठी माणसाच्या हातून ही सरमिसळ लवकर होते. युरोपच्या रसायन कायद्यात उच्च तापमानाचा कोलटार पिच अतिचिंतेच्या पदार्थांच्या यादीत आहे. सुरक्षा पत्रकात त्याचं अधिकृत नाव ‘पेश, कोलनटेर, होखटेम्पेराटूर’ असंच लिहायचं, आपल्या मनाने सुधारायचं नाही. जर्मनीत जुना रस्ता उखडला की निघालेला माल पेशयुक्त आहे की नुसता बिटूमेनचा, यावर त्याची विल्हेवाट ठरते. झाडातून पाझरतो तो हार्त्स, फळीत साठलेला खिसा हार्त्सगाले. भिंगं घासण्यासाठी वापरतात ते पोलीरपेश. पिचब्लेंड (युरेनियमचं खनिज) मुळात जर्मनमधूनच इंग्रजीत गेलेला आहे, म्हणून तिथे परत पेशब्लेंडे.

संगीतात स्वराची उंची टोनहोए. कॉन्सर्ट पिचचे मात्र दोन अर्थ आहेत. सगळ्यांनी जुळवायचा तो ४४० हर्ट्झचा स्वर म्हणजे कामरटोन. पण ‘ही स्वरलिपी कॉन्सर्ट पिचमध्ये आहे’ याचा अर्थ क्लॅरिनेट, ट्रम्पेट यांचे स्वर जसे ऐकू येतात तसेच लिहिले आहेत. ते क्लिंगेंड नोटीर्ट. शिवाय इंग्रजी बी जर्मनमध्ये एच होतो आणि इंग्रजी बी फ्लॅट जर्मनमध्ये नुसता बी. आपल्या गायकांच्या परदेशी कार्यक्रमपत्रिकेत ‘पिच: बी’ असं आलं, म्हणजे पांढरी सात, तर जर्मनमध्ये ग्रुंडटोन एच. इथे टोनहोए चालत नाही, कारण विचारलेला आहे तो षड्ज. बी तसाच ठेवला तर तानपुरा अर्ध्या स्वराने खाली, काळी पाचवर लागेल.

छपराचा पिच म्हणजे दाखनाइगुंग, आणि ती जर्मनीत अंशांत देतात. अमेरिकी ‘६ : १२’ आलं तर २६.६ अंश करून द्या. पाणी वाहून जाण्यासाठी फरशीला दिलेला उतार मात्र गेफेले. बाकीचे झटपट: तंबू किंवा कॅम्पर व्हॅन लावायची जागा श्टेलप्लात्स, फुटबॉलचं मैदान श्पीलफेल्ड, गिर्यारोहणात दोरीच्या एका टप्प्याची चढाई झाइललेंगे. क्रिकेट, गोल्फ आणि जाहिरात संस्थेचं सादरीकरण यांत डेर पिच.

तुमच्या पुस्तिकेपुरतं सांगायचं तर: स्क्रूचे आटे किती स्टार्टचे आहेत ते बघून श्टाइगुंग किंवा टाइलुंग, गिअरला ड्रॉइंग मेट्रिक असेल तर टाइलुंग किंवा मोडूल, इंचातलं असेल तर डायमेट्रल पिच, चेनला टाइलुंग, वाइंडिंगला श्पूलनवाइटे, कनेक्टरला रास्टरमास.

शेवटी कामाची पद्धत, कारण चूक ज्ञानापेक्षा पद्धतीमुळे जास्त होते. अनुवादाच्या सॉफ्टवेअरमध्ये सुट्या भागांच्या तक्त्याचं ‘पिच’ एवढं एकच शब्दाचं शीर्षक आलं की जुन्या कामातला शंभर टक्के जुळणारा अनुवाद आपोआप येऊन बसतो. तो पवनचक्कीच्या कामातला असू शकतो. एका शब्दाच्या शीर्षकांना शंभर टक्के जुळणीवर कधीच मंजुरी देऊ नका. स्तंभातलं एकक, चिन्ह आणि खालचे दोन-तीन आकडे बघूनच पुढे जा. अंशाचं चिन्ह दिसलं तर श्टाइगुंग आणि टाइलुंग दोन्ही जवळजवळ बाद. पी आणि पी एच अशी दोन चिन्हं शेजारी दिसली तर अनेक स्टार्टचा आटा.

शब्दसंग्रहात ‘पिच’ची एकच नोंद करून खाली दहा पर्याय लिहू नका. प्रत्येक अर्थाची स्वतंत्र नोंद करा, आणि तीत क्षेत्र, एका ओळीची व्याख्या, चिन्ह, एकक, जर्मन लिंग आणि ‘इथे हा शब्द नको’ असा निषिद्ध पर्याय लिहा. निषिद्ध पर्यायाचा रकाना लोक रिकामा सोडतात, आणि सहा महिन्यांनी दुसरा अनुवादक तोच शब्द टाकतो.

चाकण-रांजणगावच्या कारखान्यातल्या इंजिनिअरला विचारायची वेळ आली तर ‘इथे पिच म्हणजे काय?’ असं विचारू नका. तो ‘पिच म्हणजे पिच’ असं म्हणेल, आणि त्याच्या जागी ते रास्त आहे. प्रश्न आकड्यासह आणि दोन पर्यायांत विचारा: ‘स्क्रूचा एक पूर्ण फेरा झाला की नट ७ मिमी सरकतो की १४?’